डाऊट नाही, एक प्रश्न आहे

मी बोरीवलीत एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवते. आमच्याकडे रोजचा शेवटचा तास म्हणजे 'डाऊट अवर'. पोरं रांग लावून येतात आणि पुस्तक नाकासमोर धरून म्हणतात, "मिस, डाऊट." मी विचारते, "कुठल्या स्टेपला?" तर बोट सरळ गणिताच्या पहिल्या शब्दावर. "इथपासून." याला डाऊट म्हणत नाहीत, याला काहीच न येणं म्हणतात. पण फी भरलेल्या पोराला असं तोंडावर सांगता येत नाही, म्हणून मी गिळते आणि पहिल्यापासून शिकवते.

माझ्या आत्याने कधीच काही गिळलं नाही. ती जन्मभर मराठी शाळेत इंग्रजी शिकवत होती. आमच्या क्लासबाहेर 'डाऊट अवर'ची पाटी तिने पहिल्यांदा वाचली तेव्हा ती रस्त्यातच थांबली. मागून भाजीवाला ओरडला तरी हलेना.

"अगं, डाऊट सोडवतात कसा? प्रश्न सोडवतात. शंका फिटते. संशय जातो, नाहीतर जन्मभर राहतो. आणि ह्या पोरांना ह्यातलं काहीही झालेलं नाही. ह्यांना फक्त उत्तर हवंय."

"आत्या, घरी चल. भाजी घेऊन उभी आहेस."

घरी आल्यावरही तेच. एकदा सोसायटीतल्या झाडाचे आंबे चोरीला गेले आणि सेक्रेटरी म्हणाले, "माझा वॉचमनवर डाऊट आहे." आत्याने त्यांना जिन्यातच उभं करून शिकवलं. "साहेब, इंग्रज माणूस 'आय डाऊट ही टुक देम' म्हणाला तर त्याचा अर्थ होतो, त्याने घेतले नसावेत. तुम्हाला म्हणायचंय, त्यानेच घेतले. ते सस्पेक्ट. तुमच्या इंग्रजीने एक चोर सुटेल नाहीतर एक गरीब आत जाईल." मग तिने जिन्याच्या कठड्यावर बोट ठेवत पुढचं सांगितलं. वॉचमन जागा असेल का, हा डाऊट. वॉचमननेच आंबे नेले, हे सस्पिशन. वॉचमन आहे कुठे, हा साधा क्वेश्चन. त्याला उठवू की नको, हे हेजिटेशन. आणि उठवल्यावर काय ऐकावं लागेल या विचाराने पोटात गोळा आला, तर ते मिसगिव्हिंग. सेक्रेटरी 'हो हो' म्हणत लिफ्टने पळाले. पुढे कळलं, आंबे त्यांच्याच मुलाने मित्रांना वाटले होते.

आत्या बाबांची मोठी बहीण. आजोबांची गिरणी बंद पडली तेव्हा ती नुकती नोकरीला लागली होती. तिच्या पगारावर घर चाललं, बाबा शिकले, बाबांचं लग्न झालं, पुढे मी झाले. तिचं लग्न मात्र त्यात राहून गेलं. असं आम्ही म्हणतो. ती म्हणते, "राहून नाही गेलं. मी ठेवून दिलं." ती आमच्याच घरात राहते, म्हणजे खरं तर आम्ही तिच्या घरात राहतो. बाबांचं आणि तिचं सकाळच्या चहापासून भांडण सुरू होतं. पेपर आधी कोणी उघडला, पंखा किती वर ठेवायचा, कालवणात मीठ किती. आई म्हणते, ही दोघं भांडली नाहीत तर मला घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं.

रिटायर झाल्यावर आत्याने आमच्या बिल्डिंगसमोरच्या छोट्या हॉलमध्ये ज्येष्ठांसाठी इंग्रजीचा फुकट क्लास सुरू केला, दर रविवारी संध्याकाळी. नातवंडं परदेशात, मराठी येत नाही, फोनवर काय बोलायचं ते कळत नाही, अशी आजी-आजोबा मंडळी येतात. त्यात एक गृहस्थ गोराईहून यायचे. ख्रिश्चन, खाडीपलीकडच्या जुन्या गावातले, वाडवडिलांची थोडी जमीन अजून हातात, त्यात भाजी लावणारे. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. बोटीने खाडी ओलांडायची, मग रिक्षा, आणि हॉलवर सगळ्यांच्या आधी हजर. घरी आम्ही त्यांना 'गोराईवाले' म्हणायचो.

पहिल्याच दिवशी त्यांनी हात वर केला. "मॅडम, मना एक डाऊट हाय."

"तुम्हाला डाऊट नाही," आत्या म्हणाली. "तुम्हाला प्रश्न आहे. डाऊट म्हणजे मन दोन्हीकडे ओढतं. तुमचं ओढतंय का?"

"नाय मॅडम."

"मग विचारा."

त्यानंतर हा माणूस दर रविवारी प्रश्न विचारायला लागला, आणि जाताना फळा पुसून द्यायला लागला. कधी दुधी आणायचा, कधी मुळे, एकदा तर पिशवीभर सोडे, म्हणजे सुकवलेली कोलंबी. आई सोडे नाकाजवळ धरून म्हणाली, "माणूस चांगला आहे." आईचं चारित्र्याचं सर्टिफिकेट असं माशांवरून मिळतं.

मग एका रविवारी आत्या क्लासवरून आली, चप्पल काढली, ताटावर बसली आणि वर्गातल्या द्वाड पोराची तक्रार करावी तशा सुरात म्हणाली, "आज त्या गोराईवाल्यांनी फळा पुसून झाल्यावर मला म्हटलं, 'मॅडम, डाऊट नाय, एक प्रश्न हाय. तुम्ही माझ्याशी लगीन कराल काय?'"

आईच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. मी तर ओरडलेच, "काय सांगतेस! मग?"

"मग काय? वाक्य बरोबर होतं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी उत्तर देते."

बाबांनी आमटी न घेता कोरडाच भात खाल्ला.

दुसऱ्या दिवसापासून घरात आत्याचा अख्खा धडा उघडला गेला. बाबांना सस्पिशन. "ह्या वयात कोणाला लग्न सुचतं? ह्याला स्वयंपाकाला माणूस हवंय. नाहीतर ह्या घरावर डोळा आहे." आईला हेजिटेशन. "चर्चमध्ये करतील की कोर्टात? आणि मी साडी कुठली नेसू?" मला क्वेश्चनच क्वेश्चन. "आत्या, तुला ते आवडतात का?" ती म्हणायची, "ऑफिसला जा, उशीर होतोय." मला ऑफिस नाही, क्लास आहे, तोही दुपारी. तिला हे पक्कं माहीत आहे.

आणि तिला स्वतःला? आठवडाभर ती घरात फिरत होती ती गॅस बंद केला का हे पुन्हापुन्हा बघत. जन्मभर ज्या शब्दाचा अर्थ लोकांना शिकवला, तोच तिच्या मानगुटीवर बसला होता. तिला बघून माझा जीव कासावीस व्हायचा. हिने सगळ्यांचं केलं, आता हिचं काहीतरी होऊ दे, असं मला अगदी आतून वाटत होतं. आणि बाबांचा राग येत होता, तोही अगदी आतून.

शुक्रवारी बाबांनी जाहीर केलं, "देवाला विचारू."

आम्ही मूळचे मालवणकडचे. आमच्यात घर घ्यायचं, लग्न ठरवायचं, विहीर खणायची तर गावच्या देवाला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला दोन बाजूंना दोन ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, प्रश्न विचारतो आणि सगळे वाट बघतात. देवाच्या उजव्या हाताची पाकळी आधी पडली तर हो. डावी पडली तर नाही. विषय संपला, त्यावर अपील नाही. पूर्वी यासाठी गावाला जावं लागायचं. आता गुरव व्हिडिओ कॉल करतात.

"माझ्या लग्नाचं तू देवाला विचारणार?" आत्या म्हणाली. "माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर."

"मग तू बघू नकोस."

"नाहीच बघणार."

रविवारी सकाळी आम्ही तिघं सोफ्यावर, समोर टीपॉयवर बाबांचा मोबाईल, डब्याला टेकवून उभा. आत्या स्वयंपाकघरात सोडे निवडायला बसली. पण पाट तिने असा मांडला होता की दारातून मोबाईल समोर दिसावा.

पलीकडे गुरवांच्या सुनेने फोन धरला होता. गाभाऱ्यात समई, काळा पाषाण, आणि त्याला चिकटवलेल्या दोन पांढऱ्या पाकळ्या. गुरव म्हणाले, "काय इचारूचा आसा ता नीट सांगा. शंका आसा म्हणान चलाचा नाय. देवाक एकच प्रश्न."

झालं! बाबा म्हणाले, "विचारा, माणूस चांगला आहे का." आई म्हणाली, "असं कसं? विचारा, लोकं काय म्हणतील." मी म्हटलं, "लोकं काय म्हणतील हे देवाला कशाला विचारायचं, ते तळमजल्यावरच्या काकू फुकट सांगतील!" बाबा माझ्यावर डाफरले. मी उलट डाफरले. गुरव तिकडे धोतर सावरत उभेच. शेवटी स्वयंपाकघरातून आवाज आला.

"'हिने लग्न करावं का,' एवढंच विचारा. बाकी सगळी तुमची सस्पिशनं आहेत."

गुरवांनी हात जोडले. "बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां मुंबयसून मोबायलातसून तुझ्या पायाकडे इली हत..."

"व्हय म्हाराजा!" आम्ही तिघांनी बोरीवलीतून म्हटलं. समोरच्या बिल्डिंगमधला माणूस गॅलरीत डोकावला.

"तेंच्या मनात जो काय किंतू आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"तो दूर कर, आणि ह्या बायेन लगीन करूचा काय, ता उजवो-डावो देवन सांग रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी मला स्वयंपाकघरातून चौथा आवाज आल्यासारखा वाटला.

समईची ज्योत हलत होती. आई पुटपुटत होती. स्क्रीनच्या डाव्या बाजूची पाकळी जराशी घसरली, थांबली, आणि टप्पकन पडली. गुरवांनी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी रेंज गेली. गुरव तोंड उघडं ठेवूनच गोठले आणि मग स्क्रीन काळी झाली.

"डावीकडची पडली," आई म्हणाली. "म्हणजे देवाची उजवी ना? देव आपल्याकडे तोंड करून असतो."

"तसं नसतं," बाबा म्हणाले. गेल्या महिन्यात बाबांनी सेल्फी काढायला शिकून घेतलं होतं आणि त्यात त्यांचं घड्याळ दुसऱ्याच हातावर दिसलं होतं. तेव्हापासून ते मोबाईलचे तज्ज्ञ होते. "मोबाईलमध्ये सगळं उलटं दिसतं. आपल्याला डावीकडे दिसली म्हणजे खरी उजवीकडची पडली. म्हणजे देवाची डावी. डावा कौल."

मी गणिताची बाई. मी मनात एकदा उजवं-डावं केलं, दुसऱ्यांदा केलं, तिसऱ्यांदा माझंच डोकं फिरलं. आणि बाबा इतक्या ठामपणे म्हणाले होते, की मलाही वाटलं, असेल. पण म्हणताना त्यांचा चेहरा मी बघितला. आठवडाभर आवळलेला तो चेहरा सैल झाला होता. माणूस चक्क सुटल्यासारखा दिसत होता. माझी अशी सटकली म्हणून सांगू!

"झालं समाधान?" मी म्हटलं.

"माझा काय संबंध? देवाने दिला."

आत्या दारात येऊन उभी राहिली. तिने बाबांकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाली, "बरं झालं. संध्याकाळी क्लास झाला की सांगते त्यांना." आणि परत सोडे निवडायला बसली.

दुपारी जेवायला बसलो. सोड्यांचं कालवण, भात. बाबांनी पहिला घास घेतला आणि रोजच्यासारखे म्हणाले, "मीठ जास्त झालंय."

रोज यावर उत्तर असतं, "तुझी जीभ गेलीये." किंवा "उद्यापासून तू कर." एकदा तर ती ताट उचलून घेऊन गेली होती.

आत्या म्हणाली, "असेल."

बाबांनी घास तसाच धरला. मग म्हणाले, "पंखा फार वर आहे." खरं तर तो खाली होता.

"कमी कर," आत्या म्हणाली.

"सकाळी पेपर मी आधी उघडला होता. तुझ्याआधी."

"हो का."

बाबांना जेवण गेलं नाही. ते हात धुऊन गॅलरीत जाऊन उभे राहिले. आत्या वामकुक्षीही न करता साडी बदलून हॉलवर निघून गेली, वेळेच्या कितीतरी आधी. जाताना बाबांनी मुद्दाम तिच्या चपला पायाने सरकवल्या, ती ओरडेल म्हणून. तिने त्या सरळ केल्या, घातल्या आणि गेली. दार लावल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

आई भांडी लावता लावता म्हणाली, "घड्याळ बंद पडलं."

बाबा आत आले. फोन उचलला. लागेना. पुन्हा लावला. मी ऐकत होते. शेवटी गुरवांचा आवाज आला तेव्हा बाबा एकदम लहान पोरासारखे बोलायला लागले. "काका, परत लावता येईल का कौल? एकदाच. मी काय ते देवाला देतो, नारळ, कोंबडा, काय असेल ते. पण सकाळचा तो डावा नको. माझ्या ताईने आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं नाही हो. तिला असं गप्प नाही बघवत."

मग गुरव कडाडले. स्पीकरची गरजच नव्हती.

"डावो? खंयचो डावो? देवान उजवो दिल्यान मां!"

"पण आम्हाला डावीकडची पडलेली दिसली! आणि मोबाईलमध्ये उलटं..."

"मोबायल घाल चुलीत! देवाचो उजवो हात खंय? तू समोर उभो रवतस, तेचो उजवो तो तुझो डावो. इतकी वर्षां देवळात येतस, तुका ह्या सांगूक होया? मोबायलात उलटा दिसाक देव काय सेल्फी काढता काय?"

आई कपाळाला हात लावून खाली बसली. "मी सकाळीच म्हटलं होतं!"

बाबा धावले. अर्धी चड्डी, बनियन, एक चप्पल त्यांची आणि एक आईची. मी मागे. जिन्यात सेक्रेटरी भेटले, म्हणाले, "काय झालं? मला तर वॉचमनवरच..." बाबा त्यांना ढकलूनच पुढे गेले. रस्ता ओलांडताना एका रिक्षावाल्याने शिवी दिली, ती बाबांनी न थांबता परत केली.

हॉलमध्ये क्लास चालू होता. आठ-दहा पांढरी डोकी, शेवटच्या खुर्चीवर गोराईवाले, मांडीवर पिशवी, पिशवीतून दुधीचं टोक बाहेर. फळ्यावर काहीतरी लिहीत आत्या पाठमोरी उभी होती.

"ताई!" बाबा दारातूनच ओरडले. "उजवा! उजवा दिलाय! माझंच चुकलं!"

सगळा वर्ग वळून बाबांच्या चड्डीकडे बघायला लागला. आत्या सावकाश वळली.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"उजवा होता ते. मला दारातून दिसत होतं. देवाची उजवी बाजू कुठली ते मला कळतं, मी काही मोबाईल शिकलेली नाही."

मला धक्काच बसला. "मग बोलली का नाहीस?" मीच ओरडले. "सकाळपासून आमचा जीव टांगणीला लावलास!"

तिने माझ्याकडे बघितलंच नाही. ती बाबांकडे बघत होती. "देव हो म्हणाला ते कळलं मला. पण 'डावा' म्हणताना तुझा चेहरा किती खुलला होता, माहिती आहे? म्हटलं, देवाचा उजवा घेऊन काय करू? देवाला मी कडेवर नाही खेळवलेलं. तुला खेळवलंय. म्हटलं बघू, हा परत फोन करतो का. नसता केलास तर क्लास झाल्यावर ह्यांना नाही म्हणून घरी आले असते."

गोराईवाले दुधी घट्ट धरून बसले होते. मग आयुष्यभर तोंडाला तोंड देणाऱ्या बाबांनी चक्क हात वर केला, वर्गात करतात तसा.

"ताई, आय हॅव्ह अ डाऊट."

मी डोळे मिटले. आता ही ह्याला सर्वांसमोर सोलणार.

"बोल," आत्या म्हणाली.

"तू गेलीस की मी भांडायचं कुणाशी?"

आत्याने खडू उचलला. सवयीने. "ह्याला डाऊट नाही म्हणत," ती म्हणाली आणि फळ्याकडे वळली. खडू फळ्याला टेकवून तशीच उभी राहिली. तिचे खांदे थोडे हलले. लिहिलं मात्र काहीच नाही. मग तिने पदराने नाक पुसलं आणि खडू खाली ठेवला.

"बोट आहे की रे," ती म्हणाली. "सकाळी यायचं, भांडायचं, जेवायचं, संध्याकाळच्या बोटीने परत जायचं. मीठ तिथेही जास्तच घालीन मी."

बाबा रडले की हसले ते मला सांगता येणार नाही, आवाज दोन्हीचा होता. एक आजी टाळ्या वाजवायला लागल्या, त्यांना बहुतेक सगळं कळलं नव्हतं, पण त्यांच्यामुळे सगळ्यांनीच वाजवल्या.

त्या गोंधळात शेवटच्या खुर्चीवरून हात वर झाला. गोराईवाले उठून उभे राहिले होते.

"मॅडम, माझ्या प्रश्नाचं उत्तर?"

"दिलं की आत्ताच," आत्या म्हणाली. "लक्ष कुठे असतं तुमचं?"